विजेविना चालणारे सांडपाणी शुद्धीकरण : उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतर

करवीर तालुक्यातील आमच्या नदीकाठच्या गावात मुख्य गटारीच्या शेवटी बांधलेल्या सांडपाणी शुद्धीकरण व्यवस्थेने आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आहे, त्यामुळे तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. रचना सुटसुटीत आहे : तोंडाशी लोखंडी जाळी, गाळ बसण्याची टाकी, आडभिंतींची बंदिस्त टाकी, त्यापुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा आणि शेवटी लहान तळे. सगळे उतारावर असल्याने पंप नाही आणि वीजबिलही नाही. काळ्या चिकण जमिनीत पाणी जिरत नाही आणि पावसाळ्यात भूजल वर येते, म्हणून शोषखड्ड्यांचा विचार आम्ही सोडून दिला होता.

पैशाचे गणित आधी करून घ्यावे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे, म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावाला ८ लाख ४० हजार. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. उलट माणशी रोज ५५ लिटर नळपाणी धरले आणि त्यातले ८० टक्के गटारीत आले, तर तेवढ्याच गावाचे सांडपाणी दिवसाला सव्वा लाख लिटरच्या वर जाते. म्हणूनच आम्ही सगळे गाव एकदम न घेता एका गटारीपुरतेच काम केले.

खरी कसोटी लागली ती म्हशींच्या गोठ्यांनी. सकाळी धारा काढून झाल्या, की गोठे धुतले जातात आणि शेणकाला थेट गटारीत येतो; त्यातला तंतुमय भाग गाळाच्या टाकीवर जाड साय धरतो आणि पुढे सरकला तर खडीची छिद्रे बुजवतो. आमचा सफाई कर्मचारी रोज दाताळ्याने जाळी ओढतो तेव्हा उसाच्या वाड्याचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या आणि कोंबडीची पिसे एकाच गोळ्यात बाहेर येतात. तो दोन दिवस रजेवर गेला, की तिसऱ्या दिवशी पाणी जाळीवरून उसळते. शेण आधी उकिरड्यावर टाकून मगच गोठा धुवावा, असा ठराव ग्रामसभेत झाला आहे आणि निम्मेअधिक लोक तो पाळतात, हेही कमी नाही.

सुरुवातीला डासांची तक्रार आली, कारण ठेकेदाराने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पाइप उंच बसवल्यामुळे पाणी खडीच्या वर तुंबत होते. शेवटचे फिरते कोपर खाली वळवून पातळी खडीच्या चार बोटे खाली आणली आणि डास हटले. बंदिस्त टाकीच्या झाकणाशी सडक्या अंड्यासारखा वास येतो तो मात्र राहणारच, तेव्हा घरांपासून अंतर ठेवावे.

तळ्यातले पाणी बाटलीत धरले तर किंचित पिवळसर पण नितळ दिसते आणि त्याला वास येत नाही. नितळ म्हणजे जंतुमुक्त नव्हे, म्हणून ते आम्ही हत्तीगवतालाच देतो, भाजीपाल्याला देत नाही. काही घरांनी शौचालयाच्या टाकीचे पाणी गुपचूप गटारीला जोडले आहे. ही व्यवस्था मोरी-न्हाणीच्या पाण्यासाठी आखलेली असल्याने ते जोड तोडावेच लागतील, मग पुढाऱ्यांना राग आला तरी चालेल.

पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी मिसळून प्रवाह कित्येक पट होतो, तेव्हा तो वाफ्याला टाळून वळवण्याची सोय असणे अटळ आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकू लागली, की आम्ही पाणी आत घेण्याच्या तोंडावरचे दार बंद करतो. पुराचा गाळ एकदा खडीत शिरला, तर ती सगळी उपसून धुण्यावाचून इलाज नसतो. हे दार आमच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हते, ते पुढे स्वनिधीतून बसवले. नव्याने काम घेणाऱ्यांनी ते आराखड्यातच घालून घ्यावे, आणि गाळ उपसणाऱ्या टँकरला टाकीपर्यंत पोहोचेल असा रस्ता आहे की नाही, हे जागा ठरवतानाच पाहावे.