योग्य-अयोग्य समाजागणिक की सगळ्यांना एकच? रखमाबाई खटल्यावर दोन्ही बाजू घासून पाहू

सापेक्षतावादी म्हणतो, चांगलं-वाईट ज्या त्या समाजाने ठरवायचं. बाहेरच्याने त्यात नाक खुपसू नये. निरपेक्षवादी म्हणतो, काही गोष्टी कुणीही, कुठेही केल्या तरी चूकच. नुसत्या चर्चेत दोघेही पटतात, म्हणून एक खरा खटला घेऊ.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

सापेक्षतावादाची खरी ताकद इथे दिसते. परक्या राज्यकर्त्याने आपल्या घरातल्या चालीरीतींना रानटी ठरवावं, हे त्या काळी अनेकांना झोंबलं, आणि ते उगाच नव्हे. न समजून घेता निवाडा करू नका, हा धडा आजही हवा. पण टिळकांना या गटात बसवण्याची घाई नको. ‘केसरी’ने रखमाबाईंवर टीका केली हे खरं, तरी मुलीचं लग्न सोळाव्या आणि मुलाचं विसाव्या वर्षाआधी करू नये, असं टिळकांनीच १८९० मध्ये सुचवलं होतं. त्यांची हरकत परक्या सरकारच्या कायद्याला होती. कायदा कुणी करावा आणि योग्य काय, हे दोन प्रश्न आहेत. आपल्याकडच्या वादांत त्यांची हमखास खिचडी होते.

सापेक्षतावाद अडतो तो ‘समाज’ म्हणजे कोण, या प्रश्नावर. रखमाबाई याच समाजातल्या, त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुनही. मग समाजाचं मत म्हणजे कुणाचं? बहुमताचं म्हटलं, तर प्रत्येक सुधारक बहुमत मिळेपर्यंत चूकच ठरतो, आगरकरही. आणखी एक गंमत: बायकोला नांदायला पाठवण्याचा हा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेला, हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच. पिन्हींनी तेच म्हटलं होतं. ‘आपली परंपरा’ म्हणून ज्याची पाठराखण चालली होती, ते हत्यार विलायती होतं.

निरपेक्षवादी इथे सरळ उभा राहतो: तिचा नकार हा नकारच. पण त्याची खोड महाभारताच्या कर्णपर्वात आहे. सत्यव्रती कौशिक लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना खरा-खरा सांगतो. ती मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कधी कधी खरं बोलणंही चूक ठरतं, हे पटवायला कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये अशाच प्रसंगात खुन्याशीही खोटं बोलू नये असं लिहिलं. माझ्या मते इथे कृष्ण बरोबर आहे, कांट नाही.

निवड करणाऱ्याने म्हणून एक फरक धरून ठेवावा. नियम सगळ्यांना लागू असणं वेगळं, त्याला अपवादच नसणं वेगळं. पहिलं मान्य करून दुसरं नाकारता येतं, आणि मी तेच करतो. जेवण, पेहराव, अंत्यविधी यांबाबत खुशाल सापेक्षतावादी राहा. कुणाला जबरदस्तीने धरून ठेवलं असेल, तर मात्र ज्याच्यावर प्रथा चालते त्याला ‘नाही’ म्हणून बाहेर पडता येतं का, एवढंच विचारा.

लहान मुलांपुढे ही कसोटीही थिटी पडते, कारण त्यांचा होकार-नकार धरायचा कसा? तिथे वयाची रेघ ओढावीच लागते. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय, दहावरून बारावर नेलं. आज ते अठरा आहे. हा आकडा माणसांनी ठरवलेला, बदलत आलेला आहे. तो ठरवायचा कशासाठी, याबाबत मात्र मी कुठल्याही समाजाला सवलत देणार नाही.