'द ऑर्फनेज' लावू की 'द फॉरेस्ट'?

परवा मावसभावाचा मेसेज आला. शनिवारी रात्री भुताचा सिनेमा बघायचाय, घरातलं माणूस हरवलंय आणि त्याला शोधायला निघालेत असला. 'द ऑर्फनेज' लावू की 'द फॉरेस्ट'? एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण कोण कुणाबरोबर बघतंय त्यावर ते बदलतं, म्हणून हा खटाटोप.

'द ऑर्फनेज' (2007) स्पॅनिश. बायोना या दिग्दर्शकाचा पहिलाच मोठा सिनेमा, निर्मात्यांत 'पॅन्स लॅबिरिन्थ'वाला गिलेर्मो देल तोरो. लॉरा लहानपणी ज्या अनाथाश्रमात वाढली, त्याच वास्तूत ती नवरा आणि सिमोन या दत्तक मुलाला घेऊन राहायला येते. तिथे तिला अपंग मुलांसाठी घर सुरू करायचंय. पहिल्याच समारंभाच्या दिवशी सिमोन मागे लागतो, चल, तुला काहीतरी दाखवतो. हिला पाहुण्यांची गडबड. ती वैतागून त्याच्या थोबाडीत मारते. थोड्या वेळाने पोरगं कुठेच नाही. पुढचा सगळा सिनेमा त्या एका चापटीचं ओझं वाहतो. आईबापांपैकी कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

भूत म्हणाल तर फारसं दिसतच नाही. मृतांशी संपर्क साधणाऱ्या बाईच्या भूमिकेतली जेराल्डिन चॅप्लिन (हो, चार्लीची मुलगी) अंधाऱ्या घरात एकटी फिरते आणि बाकीचे तिला कॅमेऱ्याच्या हिरवट पडद्यावर बघत बसतात. आपल्याला ऐकू येतात ती फक्त मुलं. पण माझा खरा थरकाप उडाला तो एका खेळाने. राज्य असलेल्याने पाठ करून 'एक, दोन, तीन' म्हणायचं, थाप मारायची आणि गर्रकन वळायचं. बाकीच्यांनी तेवढ्यात पुढे सरकायचं. सिनेमाच्या सुरुवातीला छोटी लॉरा उन्हात हा खेळ खेळते. शेवटाकडे मोठी लॉरा तोच खेळते, घरात, एकटी. कॅमेरा तिच्याकडून मागच्या दाराकडे, पुन्हा तिच्याकडे, पुन्हा दाराकडे. कुणी नाही. कुणी नाही. पुढचं सांगत नाही.

'द फॉरेस्ट' (2016) ची कल्पना याहूनही चांगली, हे कबूल करायला हवं. जुळ्या बहिणींपैकी एक जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या आओकिगाहारा जंगलात नाहीशी होते. दुसरीला आतून खात्री आहे की ती जिवंत आहे, म्हणून ती अमेरिकेहून तिथे धडकते. दोन्ही बहिणींच्या भूमिकेत अभिनेत्री नताली डॉर्मरच. 864 सालच्या उद्रेकातल्या लाव्हावर वाढलेलं हे जंगल आत्महत्यांमुळे जगभर ठाऊक आहे. वाटाड्या बजावतो, रात्री थांबू नका. ही थांबते. शोधणाऱ्याच्याच मनावर भरवसा ठेवावा की नाही, हा प्रश्न जिथे रंगायला हवा, तिथे नेमकं कुणीतरी झाडामागून 'भॉ' करतं. जपानी माणसं वाट दाखवायला आणि घाबरवायला तेवढी. शिवाय बरंचसं चित्रीकरण सर्बियातलं, ते एकदा कळलं की फुजीची भूल निम्मी उतरते. डॉर्मरसाठी बघा, हरकत नाही. मात्र ओळखीत कुणी तशा प्रकारे गेलं असेल तर हा वगळाच.

आता तिसरं नाव, जे त्याने विचारलंच नव्हतं: 'ब्लेअर विच' (2016). बहीण जंगलात हरवून वर्षं लोटलीत आणि भाऊ मित्रांना घेऊन, कानाला कॅमेरे लावून, ड्रोन घेऊन तिच्या मागावर जातो. 1999 च्या मूळ सिनेमाची सर नाही. पण एक मुलगी जमिनीखालच्या अरुंद बोगद्यातून सरपटत जाते, तेव्हा माझाच श्वास अडकला होता. चार मित्र आणि एक पिझ्झा असेल तर हाच. कॅमेरा सतत हलतो, गरगरणाऱ्यांनी जपून.

हिंदीच हवं तर 'छोरी 2' आहे: हरवलेल्या लेकीमागे आई उसाखालच्या भुयारात उतरते. दिग्दर्शक आपल्या 'लपाछपी'चेच विशाल फुरिया. उसाची भीती 'लपाछपी'त जास्त लागते.

तर 'द ऑर्फनेज' पावणेदोन तासांचा, 'द फॉरेस्ट' आणि 'ब्लेअर विच' दीड-दीड तासाचे. एकच बघायचा तर 'द ऑर्फनेज', डब केलेला नको, मूळ आवाजात, सबटायटल लावून. फोनवर तर अजिबात नको. निम्मी भीती घराच्या आवाजात आहे, आणि ती कुकरच्या शिट्टीत बुडते.

मावसभावाचा मुलगा पाच वर्षांचा आहे. म्हणून मावसभावाला म्हटलं, तू आपला 'ब्लेअर विच' लाव. त्याने ऐकलं नाही. रात्री पावणेदोनला मेसेज: "पोराला उचलून आमच्या खोलीत आणलंय. तुझी वहिनी म्हणते, पुढच्या वेळी तुला विचारायचंच नाही."