पोस्टफिक्स, आठ महिने वापरून: सगळं छान, फक्त रांग लावताना एमएक्स बघत नाही

दर मेलमागे पैसे मोजणं जिवावर येतं, म्हणून आमच्या ॲपच्या नोटिफिकेशनसाठी मी स्वतःचा पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारा फुकट सर्व्हर प्रोग्रॅम, लावला. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, पहिल्याच दिवशी केलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवायचे तर त्यावाचून गत्यंतरच नाही. चार महिने तक्रारीला जागा नव्हती.

मग एका सकाळी मेलक्यू (रांग दाखवणारी कमांड) टाकलं तर ११ हजार मेल तुंबलेले आणि लॉगमध्ये समोरच्या सर्व्हरचं उत्तर नुसता ४२१. ५५०, म्हणजे कायमचा नकार, आला असता तर विषय तरी मिटला असता. ४२१ म्हणजे 'आत्ता नको, नंतर या', आणि नंतर म्हणजे कधी ते सांगायचं नाही. त्यात आमचं ॲप दर मिनिटाला तेच मेल पुन्हा रांगेत टाकत होतं. हा गाढवपणा माझा. पोस्टफिक्स स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, आधी ५ मिनिटांनी, मग अंतर वाढवत ४,००० सेकंदांपर्यंत.

डेस्टिनेशन रेट डिले, म्हणजे एकाच डोमेनला जाणाऱ्या दोन मेलमधलं अंतर, १ सेकंद केला आणि ४२१ गायब. त्या दिवशी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. दुपारी सपोर्टचा फोन, ओटीपी येत नाहीत! सेकंदाला एक म्हणजे तासाला ३,६००. एकाच डोमेनवरचे सकाळचे १८ हजार डायजेस्ट (रोजच्या गोषवाऱ्याचे मेल) संपायला पाच तास, आणि दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी त्यांच्यामागे उभा. सेकंदापेक्षा कमी डिले देता येत नाही. शेवटी ओटीपीसाठी पोस्टफिक्सचा वेगळा इन्स्टन्स, वेगळा आयपी.

दीड महिन्यात ४२१ परत. आता खरी रड. नवे ग्राहक कंपन्यांचे होते, ६३ वेगवेगळी डोमेन, पण डिग कमांडने डीएनएस तपासलं तर बहुतेकांचा एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर घ्यायचे ती नोंद, एकाच प्रोव्हायडरकडे. पोस्टफिक्स डोमेनवार रांग लावतो, त्यामुळे प्रत्येक डोमेनला सेकंदाला एक असं समांतर सोडत होता. समोरचा मोजतो ते तुमच्या आयपीवरून आलेलं एकत्र. इतका जुना, इतका शहाणा प्रोग्रॅम, सगळे एकाच दारात चाललेत हे त्याला दिसू नये? मी महिनाभर याच एका गोष्टीवर चिडलेलो आहे, घरच्यांनाही एमएक्स म्हणजे काय ते आता पाठ झालंय.

उपाय हातानेच केला. रात्री एक स्क्रिप्ट सगळ्या डोमेनचे एमएक्स बघते आणि ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कुठल्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा त्या यादीत) एका प्रोव्हायडरच्या सगळ्यांना एकच नेक्स्टहॉप, म्हणजे पुढचा मुक्काम, लिहिते, म्हणजे रांगही एकच. रांगेतलं आयुष्य ५ दिवसांवरून ४ तासांवर आणलं. डिस्क भरत आल्याचा इशारा चौथ्या दिवशी मिळून कोणाला काय उपयोग?

तीन आठवडे शांतता होती. काल एका ग्राहकाने भरदुपारी एमएक्स बदलला आणि ४० मेल अडकले. स्क्रिप्ट आता तासातासाला चालते. तारे साडेतीन, अर्धा फुकट आहे म्हणून.