बागप्रेमी मंडळात अकरा महिने : लातूरमधला माझा अनुभव

गेल्या मृगात मी आमच्या भागातल्या बागप्रेमी मंडळाची सभासद झाले. वर्गणी वर्षाला ५०० रुपये. त्यात अवजारं वापरायला मिळतात, बियाणं मिळतं आणि दर रविवारी सकाळी दोन तास सगळ्यांसोबत काम करावं लागतं. आता मे संपत आलाय, वर्गणी पुन्हा भरायची आहे. कॉलनीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मंडळाचा जन्म कसा झाला ते आधी सांगते, नाहीतर इथले नियम जाचक वाटतात. मलाही वाटले होते. पहिल्याच रविवारी मी गुलाबाची कलमं मागितली, तर मंडळातले अण्णा म्हणाले, "ताई, आधी पाणी दाखवा." घरात वापरून झालेलं पाणी रोज किती निघतं, ते बादलीने मोजून आणायला सांगितलं. मी डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं आणि आरओचं वाया जाणारं, असं सगळं लिहून नेलं. आरओचं त्यांनी लगेच खोडलं. आपल्या बोअरला आधीच क्षार, ते त्या पाण्यात आणखी दाट होतात आणि कुंडीत साचत जातात. त्यावर फरशी पुसा, म्हणाले.

हे मोजमाप २०१६ च्या उन्हाळ्यातून आलंय. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. माणसालाच घागर मिळेना, तिथं झाडाचं कोण बघणार? तरी चार-पाच घरांनी मिळून भांडी विसळलेलं पाणी गाळून गल्लीतला एक कोवळा कडुलिंब जगवला. त्याच घरांनी पुढे मंडळ काढलं. आज त्या लिंबाखाली आमची बैठक भरते. तिथं बसलं की बादली मोजायची लाज वाटत नाही.

वापरलेल्या गोष्टींत सगळ्यात उपयोगी ठरलं ते मडकं. कुंभाराकडून साधं, न रंगवलेलं मडकं आणायचं, झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकणी ठेवायची. भोवतीची माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओल असली की पाझर मंदावतो. वर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर दिला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ती या थराखाली फाटली नाही. माझी वांगी आणि मोगरा यावर मे महिन्यातही तग धरून आहेत, आठवड्यातून दोनदाच मडकी भरते. मात्र सहा महिन्यांनी दोन मडकी पाझरेनाशी झाली. क्षारांनी भोकं बुजली होती. उकरून काढली, काथ्याने घासली, व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवली. एक सुधारलं, दुसरं बदलावं लागलं. बोअरचंच पाणी भरणार असाल तर हा खर्च धरून चाला.

मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं झालं होतं. मी शेणखत वाढवत राहिले, फरक पडला नाही. मंडळात पान दाखवलं, तर लोह कमी पडतंय म्हणाले. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडं लिंबू, आणि पानांवर फवारा. आपल्या चुनखडीच्या मातीत नुसतं मुळाशी टाकलेलं लोह झाडाला फारसं लागत नाही. दोन फवाऱ्यांनंतर नवी पानं हिरवी आली.

मंडळाचं बाहेरचं काम म्हणजे शाळा आणि स्मशानभूमीतली झाडं. लिंब, करंज, बहावा, चिंच. निंबोळ्या पावसाच्या तोंडाला गोळा करून लगेच पेरतात, कारण लिंबाचं बी ठेवलं की काही आठवड्यांतच मरतं. बहाव्याच्या बियांवर गरम पाणी ओतून मग रुजवतात. मला आवडतं ते इथलं हिशोबाचं वळण. लावलेल्या झाडांची पहिली मोजणी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर, आणि दुसरी मे महिन्यात. फलकावर फक्त मे महिन्यात जिवंत असलेल्या झाडांचा आकडा लिहितात. शाळेत आम्ही चाळीस लावली होती, या रविवारी एकतीस भरली. गेलेल्या नवांपैकी पाच शेळ्यांनी खाल्ली, त्यांना कुंपण उशिरा घातलं. ती चूक आमची.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करून तिथंच जेवायचा आपल्याकडचा सण. आमची जमीन सासऱ्यांच्या आजारपणात विकली. त्यानंतर दर येळवसेला सगळा गाव शेताकडे जायचा, शहर ओस पडायचं, आणि आम्ही दार लोटून घरात. सासूबाई त्या दिवशी कुणाशी बोलत नसत. या वर्षी मंडळाने शाळेच्या बागेतच कडब्याची खोप घातली, पाच पांडव मांडले. सासूबाईंनी पहाटे उठून आंबील केली, भज्जी आणि उंडे केले. बागेत पोहोचल्यावर चपला काढून त्या वाफ्याच्या कडेने चालत गेल्या, आपल्याच रानात फिरावं तशा. मला एवढं एक मिळालं तरी वर्गणी वसूल होती.

कमी काय, तेही सांगते. खुरपी आणि कात्र्या बोथट असतात, धार लावायची जबाबदारी कुणाकडेच नाही. रविवारी यादीत पन्नास नावं, हजर बारा-पंधरा. एका रोपवाटिकेतून मंडळाने एकत्र मागवलेली सीताफळाची रोपं कलमी म्हणून आली, निघाली बियांची. पैसे परत मिळाले नाहीत. आता रोप घेताना कलमाचा जोड बोटाने चाचपून बघतो. आणि फक्त फुलझाडांची हौस असेल तर इथं फार काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगते. माझा गुलाब अजून आलेला नाही. माझं पाणी दिवसाला दीड बादली भरतं, अण्णांच्या हिशोबाने दोन लागतात.

मी वर्गणी भरली आहे. सासूबाईंच्या नावाचीही भरली. येत्या रविवारी शाळेच्या झाडांसाठी वीस मडकी आणायला कुंभारवाड्यात जायचंय, पिशव्या आणि जुनी पोती घेऊन या.