शेतावरचा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक: घ्यावा, पण तपासून

काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, अशी स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटसची वाटणी आहे. मराठवाड्यात पाऊस दुसऱ्या वाट्याला जातो, पेरणीची तारीख पहिल्या. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच पट्ट्यात उभी सोयाबीन पाण्यात गेली. अशा हवामानात अंदाजापेक्षा मोजमाप बरं, आणि त्यासाठी पाऊस मोजायचा हा साधा पर्जन्यमापक पुरेसा आहे.

घेताना खुणा छापील नकोत, उन्हात पुसतात, कोरलेल्या बघा. मग परीक्षा घ्या. तोंडाचा आतला व्यास १० सेंमी असेल तर औषधाच्या सिरिंजने ७८.५ मिलि पाणी नरसाळ्यातून ओता. नळीत बरोबर १० मिमी दिसलं पाहिजे. अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर परत करा.

फसतं ते बहुतेक बसवण्यात. झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंमी वर आणि समतल ठेवा. खाली ठेवलं तर शिंतोडे उडून आकडा फुगतो, गच्चीवर वाऱ्याने घटतो. नरसाळ्यात पान अडकतं, ते रोज बघा. नोंद सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला. नळी भरत आली तर मध्येच मोजून रिकामी करा आणि बेरीज मांडा.

आता याची मर्यादा. पेरणीआधी ७५ ते १०० मिमी पाऊस हवा, हे खरं. पण एका संध्याकाळी ८० मिमी कोसळला तर काळ्या रानातून बराचसा वाहून जातो आणि नळी तरी ८०च दाखवते. वीतभर उकरून ओल बघायची, वापसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून माती पेरण्याजोगी झाली, की रुंद सरी वरंब्यावर (मधे सरी ठेवून केलेल्या रुंद उंच वाफ्यावर) पेरायचं. इतकं करूनही पावसात खंड पडला तर दुबार पेरणी टळेलच असं नाही. स्टोइक इथे नेमबाजाचं उदाहरण देत: नेम नीट धरणं त्याचं काम, बाण लागणं नव्हे. ‘असेल माझा हरी’ म्हणून खाटेवर पडणं वेगळं.

अतिवृष्टीच्या मदतीसाठी मात्र हा आकडा चालत नाही. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि तो मोजला जातो मंडळाच्या केंद्रावर. तुमच्या बांधावर ७० आणि तिथे ४० आला, तर नळीशी भांडू नका. तारखेसह फोटो काढून पंचनाम्याचा अर्ज त्याच दिवशी तलाठ्याकडे द्या.