जिम्नॅस्टिक्सच्या ट्रायल बॅचसाठी गूगल फॉर्म, शीट आणि व्हॉट्सॲप बिझनेस: कितपत चालतं?

एक हॉल, दोन-तीन कोच आणि साठ-सत्तर मुलं एवढाच पसारा असेल, तर ट्रायल आणि प्रवेशासाठी विकतचं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. गूगल फॉर्म, त्याला जोडलेली शीट आणि व्हॉट्सॲप बिझनेस, हे फुकटातलं त्रिकूट काम भागवतं. गुण पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण एकाच गोष्टीचा: तिघांपैकी कुणालाही जागा धरून ठेवता येत नाही.

फॉर्ममध्ये ‘शनिवार सकाळी ८’ या पर्यायाला दोनच जागा, अशी मर्यादा घालायची सोय मुळात नाही. त्यासाठी ॲड-ऑन, म्हणजे फॉर्मला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतो. दोन पालकांनी एकाच वेळी फॉर्म उघडून ठेवला, तर तोही चुकतो, कारण पर्याय गळतो तो कुणीतरी फॉर्म पाठवल्यावर. एप्रिल-मेच्या सुट्टीत हे हमखास होतं. दोन जागांवर पाच मुलं हजर, आणि पाचही घरांना वाटतंय की फॉर्म भरला म्हणजे नंबर लागला. म्हणून फॉर्मला अर्जच समजायचं. जागा माणसाने द्यायची. फॉर्म पाठवल्यावर दिसणारा संदेश सेटिंगमध्ये बदलता येतो. तिथे स्पष्ट लिहा: ‘जागा अजून पक्की नाही. आमचा मेसेज आल्यावरच या.’ त्याखाली आपल्या नंबरची व्हॉट्सॲप लिंक द्या. पालकांनी ती दाबून आधी मेसेज केला, की दिलेला नंबर खरा आहे हेही कळतं.

वयावरून बॅच दाखवायची असेल, तर आणखी एक मेख आहे. जन्मतारखेच्या उत्तरावरून फॉर्म पुढच्या ठरावीक भागात नेता येत नाही. ते फक्त यादीतून एक पर्याय निवडायच्या प्रश्नांना जमतं. म्हणून जन्मवर्षाची यादी द्या आणि प्रत्येक वर्षाला त्याच्या बॅचच्या भागाकडे वळवा. जिम्नॅस्टिक्सला ते शोभतंही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वय कॅलेंडर वर्षावरच धरतात: मुलगी ज्या वर्षात सोळा पूर्ण करते, त्या वर्षी ती सीनियर. पूर्ण तारीख प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घ्या. जन्मदाखल्याची फाइल मात्र फॉर्ममध्ये मागू नका. फाइल चढवायला भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि आजी-आजोबांच्या फोनवरून भरणारे तिथेच थांबतात. दाखला व्हॉट्सॲपवर मागवा.

शीटमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेऱ्यांचा. फॉर्मचं प्रत्येक उत्तर नवी ओळ घालत येतं, त्यामुळे शेजारी ओढून ठेवलेली सूत्रं खाली सरकतात आणि नव्या ओळीत काहीच दिसत नाही. मग कुणीतरी वेगळ्या टॅबमध्ये फिल्टरच्या सूत्राने ‘या शनिवारचे’ असं काढतं आणि शेरे तिथेच टाइप करतं. यादीत एक नाव वाढलं की नावं सरकतात, शेरे मात्र जागेवरच राहतात. ‘डावा हात फ्रॅक्चर होता, लटकवू नये’ हा शेरा भलत्याच मुलापुढे येतो. हा नुसता कारकुनी घोळ नाही. त्या मुलाला कोच बारवर चढवणार असतो. नियम सोपा ठेवा: हाताने लिहायचं ते उत्तरांच्याच टॅबमध्ये, उजवीकडच्या स्तंभांत; सूत्रं सगळी दुसऱ्या टॅबमध्ये. आणि शीटचं लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती सेटिंग) आधी भारत करा, नाहीतर ५/८ ही तारीख पाच ऑगस्टऐवजी आठ मे होते.

व्हॉट्सॲप बिझनेसचे क्विक रिप्लाय मात्र पूर्ण गुणांचे. तिरपी रेघ टाइप केली की तयार मजकूर येतो. ट्रायलच्या मजकुरात एवढं हवंच: अनवाणी, केस घट्ट बांधलेले, चेन-बटणं नसलेले कपडे, बांगड्या-पैंजण-कानातले काढून, जेवण दोन तास आधी. लेबलं लावा (ट्रायल ठरली, आला नाही, प्रतीक्षा, फी बाकी), पण त्यांवर विसंबू नका. लेबलला तारीख नसते. ‘फी बाकी’ कालपासून की गेल्या महिन्यापासून, ते शीटच सांगेल. स्वागताचा आपोआप जाणारा मेसेज पहिल्या संवादाला जातो, तसाच १४ दिवस काही बोलणं नसेल तर पुन्हाही. म्हणजे जुन्या पालकांना अचानक ‘ट्रायल बुक करा!’ असं आमंत्रण. तो फक्त सेव्ह नसलेल्या नंबरांना जाईल असं ठेवा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या सोयीचा, भरवसा कमीच: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो पोचतो.

आता ट्रायल. चालू बॅचमध्ये दोनच नवखी मुलं, ४५ मिनिटं, आणि कोचसाठी शीटमध्ये चार खुणेचे चौकोन: पालकांशिवाय थांबला का, ‘थांब’ म्हटल्यावर थांबला का, बारला दहा सेकंद लटकला का, उतरत्या गादीवर पुढची कोलांटी हनुवटी छातीला लावून घेतली का. पहिले दोन महत्त्वाचे. बाकीचं शिकवता येतं. पालकांना खूश करायला पहिल्याच दिवशी ट्रॅम्पोलिनवर बॅकफ्लिप करवणारे क्लास आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. बॅच कोणती हे त्याच संध्याकाळी कळवा आणि जागा ४८ तास धरा. ‘विचार करून सांगतो’वर आठवडा गेला, की प्रतीक्षेतला पुढचाही दुसरीकडे गेलेला असतो. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की वेळा बदलतात, म्हणून मेमधल्या प्रत्येक प्रवेशाला ‘शाळेनंतर कोणती बॅच?’ हे आधीच विचारा.

ट्रायलचे शंभर-दोनशे रुपये घ्या आणि प्रवेशात वळते करा. फुकट ट्रायलला लोक सहज दांडी मारतात. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. त्यावरचा १२ अंकी व्यवहार क्रमांक खात्याशी ताडून मगच शीटमध्ये खूण करा. पैसे बाबांच्या किंवा मामाच्या खात्यातून येतात, म्हणून नोंदीच्या रकान्यात मुलाचं नाव आणि बॅच लिहायला सांगा.

कोचला अख्खी शीट देऊ नका. टॅब लपवला तरी फाइल संपादित करू शकणाऱ्याला तो उघडता येतो, आणि तिथे दमा, फिट येणं, जुनी शस्त्रक्रिया, घरचे नंबर असं सगळं असतं. कोचसाठी वेगळी फाइल करा: नाव, बॅच, वैद्यकीय सूचना, बस्स. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती लागते. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ती ओळ घाला, फोटो-व्हिडिओची परवानगी मात्र वेगळी विचारा.

दुसरा हॉल उघडला, किंवा दोन माणसं एकाच वेळी जागा द्यायला लागली, की हे त्रिकूट सोडा. अमेरिकेतल्या जिममध्ये चालणारी जॅकरॅबिट क्लास, आयक्लासप्रो अशी सॉफ्टवेअरं जागा आणि प्रतीक्षायादी स्वतः सांभाळतात, पण ती कार्डावरून फी कापायच्या तिथल्या सवयीवर बेतलेली आहेत. इथे घेण्याआधी यूपीआयचं काय, हा प्रश्न विक्रेत्याला पहिला विचारा.