गाडी छान, पण टाकी रिकामी करायची कुठे?

दिवाळीनंतर दोन रात्रींसाठी नागपुरातून भाड्याने कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी घेतली. आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून हा खटाटोप. गाद्या स्वच्छ, शेगडी नीट, चालकदादा समजूतदार. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठी आई गाडीच्या दारातच चहा घेत तासभर बसली. तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले.

तक्रार संडासाच्या टाकीची आहे. ती दुसऱ्याच सकाळी भरली. गाडी देणाऱ्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, गावाबाहेर कुठंही रिकामी करा." कुठंही म्हणजे कुठं? खिंडसीचं पाणी शेतांना जातं. टाकीत मैल्यासोबत रसायनही असतं. आम्ही ती तशीच, वास सोसत, नागपूरला परत आणली.

अशा गाड्यांचा गावांना होणारा त्रास स्कॉटलंडने आधीच पाहिलाय. २०१५ मध्ये 'नॉर्थ कोस्ट ५००' या सुमारे ८३० किलोमीटरच्या रस्त्याची पर्यटनासाठी जाहिरात झाली. मग अरुंद रस्त्यांवर, समोरच्याला वाट द्यायला ठेवलेल्या जागांतच गाड्या रात्रभर थांबू लागल्या आणि गावकरी वैतागले. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरच्या गावांवर ती वेळ का आणायची?

दुसरी रात्र पेंचलगतच्या सिल्लारी गावाजवळ एका घराच्या अंगणात काढली, मावशींना विचारून, जागेचे पैसे देऊन. पिठलं-भाकरही त्यांच्याकडेच. त्या म्हणाल्या, बाकीचे गाडीवाले न विचारताच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर थांबतात, कचराही तिथंच टाकून जातात.

गाडीला चार तारे, सेवेला दोन. चावीसोबत टाकी रिकामी करायच्या जागेचा पत्ता द्या, मी पुन्हा येईन.